मंदीत घोडी निम्म्या भावात मिळते आहे, घ्यावी की थांबावं? (नागपूर)

हिंगणा_वाडी

नमस्कार मंडळी. हिंगण्याच्या पुढे चार एकर शेत आहे. विहिरीला मे महिन्यात रोज तास-दीड तासच पाणी राहतं. घरच्यांच्या सवारीसाठी एक घोडी घ्यायचा विचार करून राहिलो. वरातीच्या धंद्यातली एक पांढरी मारवाडी घोडी पाहिली, सात वर्षांची सांगतात. लग्नाच्या ऑर्डरी कमी झाल्यामुळे मालक विकायला तयार आहेत आणि आधी सांगितलेल्या किमतीच्या जवळपास निम्म्यावर आले आहेत.

माझे प्रश्न असे. भाव आणखी उतरेल का, म्हणजे थांबण्यात फायदा आहे का? वर्षभराचा चारा नेमका किती लागेल आणि आपल्याकडे मिळणाऱ्या चाऱ्यातला कोणता चालतो? घेण्याआधी काय काय तपासायचं? आणि उद्या आपलंच उत्पन्न घटलं तर खर्च कुठे कमी करता येतो, कुठे अजिबात करायचा नाही? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

बाजार_सारंगखेडा

भाऊ, आधी भावाचं बघू. मंदीत सगळे घोडे सारखे स्वस्त होत नाहीत. कागदपत्रं, वंशावळ, मायक्रोचिप असलेला चांगला मारवाडी फारसा उतरत नाही, कारण त्याच्या मालकाला विकायची घाई नसते. भाव कोसळतो तो एकाच कामावर पोसल्या जाणाऱ्या जनावराचा. वरात थांबली की वरातीची घोडी कमावत नाही, पण खायला रोज लागतं. मग मालक खाण्याचा खर्च वाचवायला विकतो. तुम्हाला मिळणारी सवलत ही त्या खर्चाची आहे आणि सौदा झाला की तो खर्च तुमच्याकडे येतो.

बाहेरचं उदाहरण यासाठी उपयोगी आहे. अमेरिकेत २००७ मध्ये घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने बंद झाले आणि पाठोपाठ २००८ ची मंदी आली. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २०११ मध्ये हिशेब मांडला. मंदीमुळे सगळ्याच घोड्यांचे भाव ४ ते ५ टक्के उतरले होते. पण कत्तलखाने बंद झाल्यामुळे कमी आणि मध्यम किमतीच्या घोड्यांचे भाव ८ ते २१ टक्के पडले होते. म्हणजे लोकांचं उत्पन्न घटण्यापेक्षा, नको असलेल्या घोड्याला जायला जागा न उरणं जास्त महागात पडलं. त्याच अहवालात कोलोरॅडो राज्यातल्या हेळसांडीच्या तपासांचा आकडा आहे: २००५ मध्ये ९७५, २००९ मध्ये १,५८८. आपल्याकडे म्हाताऱ्या किंवा लंगड्या घोड्याला गिऱ्हाईक जवळपास नसतंच. म्हणून विकत घेतानाच हे धरून चाला की पुढे विकता येणार नाही.

भाव आणखी उतरेल का? घोड्याची पैदास मागणीच्या मागे रखडत चालते. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि शिंगरू सवारीला यायला तीन-चार वर्षं जातात. तेजीत भरवलेल्या घोड्यांची शिंगरं मंदीत बाजारात येतात आणि भाव बराच काळ दबून राहतो. आयर्लंडमध्ये २००७ च्या सुमारास वर्षाला थरोब्रेड या शर्यतीच्या जातीची बारा हजारांवर शिंगरं जन्मत होती, २०१२ पर्यंत तो आकडा साडेसात हजारांच्या आसपास आला. पैदास कमी व्हायलाच पाच वर्षं लागली. तेव्हा आज घेतली नाही तर संधी गेली, असं मुळीच नाही.

हंगामाचा फरक मात्र मोठा आहे. चातुर्मास लागला की वराती बंद, म्हणून वरातवाल्याला आषाढाच्या तोंडावर पैशाची गरज सगळ्यांत जास्त असते. अधिक महिना आला तर आणखी ताण. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, म्हणजे ऐन लग्नसराईतला महिना हातचा जातो. मार्गशीर्षात सारंगखेडा आणि माळेगावच्या यात्रा भरतात तेव्हा मालकापुढे पर्याय असतात, त्यामुळे तो भाव धरून बसतो.

जीएसटीचं एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिवंत घोड्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. नोंदणीकृत विक्रेता जुना दर लावत असेल तर बिल बघून बोला. नोंदणी नसलेल्या मालकाकडून घेताना हा प्रश्नच येत नाही.

आणि भोवऱ्यांचं, म्हणजे अंगावर केसांची जी चक्रं असतात त्यांचं. अशुभ जागी भोवरा आहे म्हणून चांगल्या घोड्या मंदीत आणखी स्वस्त जातात. भोवऱ्याचा तब्येतीशी काही संबंध नाही. घरच्या सवारीसाठी अशी घोडी घेणं शहाणपणाचं आहे, फक्त पुढे विकताना तुम्हालाही तोच कमी भाव मिळेल.

कुट्टी_कळमेश्वर

चाऱ्याचं मी सांगतो, कारण खरा पैसा इथेच जातो. मंदीत घोडा स्वस्त होतो, चारा होत नाही. चाऱ्याचा भाव पावसावर आणि डिझेलवर ठरतो, शिवाय दूधवाले त्याच कडब्यासाठी उभे असतात.

आधी घोडीचं वजन काढा. फीत घेऊन छातीचा घेर मोजा (पुढच्या पायांच्या लगेच मागून) आणि लांबी मोजा (खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत), दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५ आणि लांबी १५५ असेल तर वजन साधारण ३५५ किलो.

कोरड्या मापाने, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा धरून, रोज वजनाच्या २ टक्के चारा धरा. ३५० किलोच्या घोडीला ७ किलो, म्हणजे वाळलेला चारा पावणेआठ ते आठ किलो. महिन्याला २४० किलो, वर्षाला पावणेतीन टनांवर. तुडवण्यात आणि भिजण्यात १०-१५ टक्के जातं, म्हणून सव्वातीन टनांची सोय हवी. कडबा शेकड्यावर विकतात, पण पेंडी कुठे बारीक कुठे जाड. गाडी भरण्याआधी दहा पेंड्या काट्यावर टाका आणि किलोचा भाव काढा. शेकड्याच्या भावाने दोन गाड्यांची तुलना केली तर फसगत होते.

आता कोणता चारा. ज्वारीचा वाळलेला कडबा चांगला, ३-४ सेंटीमीटरची कुट्टी करून. पण खरिपाचा कडबा परतीच्या पावसात भिजून काळा पडतो. काळी बुरशी आणि कुबट वास असलेली पेंडी बैल खाईल, घोडीला देऊ नका. घोड्याला उलटी करता येत नाही आणि बुरशीने पोटशूळ व खोकला दोन्ही होतात. हिरवी ज्वारी, विशेषतः पाण्याचा ताण पडून खुरटलेली किंवा कापल्यावर नव्याने फुटलेली, अजिबात नको. त्यात सायनाइडचं विष तयार होतं. हिरवी ज्वारी खूप दिवस खाल्लेल्या घोड्यांना लघवी थेंबथेंब गळणं आणि मागचे पाय लुळे पडणं असाही आजार होतो.

गव्हांडा (गव्हाचा भुसा) स्वस्त आहे, पण बारीक भुशाचा आतड्यात गोळा बसतो. एकूण सुक्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ठेवा, थोडा भिजवून द्या. तुरीचं आणि सोयाबीनचं कुटार आपल्याकडे फुकटच्या भावात मिळतं, त्यामुळे तंगीत लोक आधी तिकडेच वळतात. त्याची देठं लाकडासारखी कडक असतात आणि मळणीयंत्राची धूळ भरपूर. चाळून, चौथ्या हिश्श्याच्या आत. भंडाऱ्याकडचं धानाचं तणीस पोट भरण्यापलीकडे फार काही देत नाही.

नेपियर गवताचं जपून. गाईला उत्तम, पण त्यात ऑक्सॅलेट असतं आणि ते चाऱ्यातलं कॅल्शियम अडवतं. त्यावर गव्हाचा कोंडा दिला की कोंड्यातला फॉस्फरस भर घालतो. काही महिन्यांनी जबड्याची हाडं सुजतात आणि घोडी कारण न कळता लंगडते. स्वस्त म्हणून नेपियर अधिक कोंडा हीच जोडी बहुतेक जण धरतात आणि तीच सगळ्यांत वाईट.

त्याऐवजी चार गुंठे लसूणघास लावा. हेक्टरी ८० टन हिरवं उत्पन्न धरलं तर गुंठ्याला वर्षाला ८०० किलो, चार गुंठ्यांत रोजचं पावणेनऊ किलोच्या आसपास. उन्हाळ्यात तुमच्या विहिरीवर तेवढं येणार नाही, निम्मं धरा. रोज चार-पाच किलो लसूणघासाने कॅल्शियम आणि प्रथिनं दोन्ही भागतात, आणि एक किलोभर कडबाही वाचतो.

खुराक: घरच्या हलक्या सवारीला रोज एक ते दीड किलो पुरतो. भरडलेलं जव आणि भिजवलेला हरभरा निम्मेनिम्मे, दोन वेळात विभागून. नागपुरात डाळमिल भरपूर, त्यामुळे हरभऱ्याची चुनी (डाळ करताना उरणारा चुरा) हरभऱ्यापेक्षा स्वस्त पडते. नवी पोती आणली की हात घालून ओल आणि अळ्या बघा. मीठ रोज ३० ग्रॅम, उन्हाळ्यात ५०. पाणी एरवी २५-३० लिटर, मे महिन्यात ५० लिटर धरा. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले होते. पत्र्याखाली त्या दिवसांत घोडी बांधता येत नाही, पत्र्यावर तणसाचा जाड थर टाका.

सगळ्यांत महत्त्वाचं: गाई-म्हशींचं तयार पशुखाद्य किंवा कोंबडी खाद्य पैसे वाचवायला घोडीला देऊ नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते पचतं, घोड्याचं हृदय मात्र अगदी थोड्या मात्रेने निकामी होतं. त्यावर उतारा नाही.

खूर_दात_कामठी

तपासणीचं लिहितो.

दातावरून वय: दुधाचे पुढचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना पडून कायमचे येतात, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. वरच्या जबड्यातल्या कोपऱ्याच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपासून एक खाच दिसू लागते, पंधराव्याला ती दाताच्या मध्यावर येते. सात सांगताहेत आणि खाच अर्ध्यावर आली आहे, तर घोडी पंधरा वर्षांची आहे.

तोंड उघडलंच आहे तर ओठांचे कोपरे आणि जीभही बघा. वरातीच्या घोडीला नाचायला लावण्यासाठी काटेरी लगाम वापरतात. १९६५ च्या नियमांनी त्याला बंदी आहे, तरी वापर दिसतो. जुने व्रण असतील तर साधा गुळगुळीत लगाम घालून, धीराने पुन्हा शिकवावं लागेल. तिला बँडचा आवाज चालतो म्हणजे ती सवारीला शांत आहे, असंही नाही. ओढणारा माणूस बाजूला नसताना चालते का, थांबते का, हे स्वार बसवून बघा.

पाय: कडक सडकेवर सैल दोरीने दुडक्या चालीत पळवा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं. डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या घोड्यांत हे खूप असतं. वेदनाशामक देऊन लंगडणं लपवता येतं, म्हणून चार-पाच दिवसांनी न सांगता जाऊन पुन्हा पळवून बघा. खुरावर टाचेकडे रुंद होत जाणारी वलयं दिसली तर खुराचा दाह होऊन गेला आहे. अशी घोडी कितीही स्वस्त असली तरी सोडा.

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी केल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. रक्ताचा नमुना पशुवैद्यकामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवता येतो. हा रोग माणसालाही होतो, घोड्यासाठी लस नाही आणि उपचार करायला परवानगी नाही. पॉझिटिव्ह आला तर २००९ च्या कायद्याप्रमाणे जनावराला दयामरण द्यावं लागतं आणि मिळणारी भरपाई किमतीपेक्षा फार कमी असते. नाकातून चिकट स्राव, नाकाच्या आत व्रण, पायाच्या आतल्या बाजूला गाठी दिसल्या तर जवळ जाऊ नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. मंदीत जनावरं हात बदलत फिरतात, म्हणून हा धोका याच काळात वाढतो.

सोबत सऱ्या या रक्तातल्या परजीवीच्या आजारासाठी रक्ताची काच तपासून घ्या. पावसाळ्यात मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे होतो. येतो-जातो ताप, पोटाखाली सूज आणि खाऊनही खंगत जाणं ही लक्षणं. आणि घोडी गाभण आहे का तेही बघा. दोन जीवांचा खर्च अंगावर येऊ शकतो. सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल.

पांढऱ्या रंगाबद्दल: कातडी गुलाबी असेल तर आपल्या उन्हात नाकपुडी आणि डोळ्यांभोवती भाजते. सवारी सकाळी सातच्या आत आटोपावी लागेल.

तबेला_वर्धारोड

शेवटचा प्रश्न राहिला, खर्च कुठे कापायचा. माझं मत वरच्यांपेक्षा थोडं वेगळं आहे: पहिल्यांदाच घोडी ठेवत असाल तर वर्षभर विकतच घेऊ नका. मंदीत असे मालक भेटतात ज्यांना घोडी विकायची नसते, फक्त चारा परवडत नाही. चारा, नाल आणि मोतद्दाराचा (घोडी सांभाळणाऱ्या माणसाचा) खर्च तुमचा, मालकी त्यांची, सवारी तुमची. लेखी करून घ्या: औषधाचा खर्च कोणाचा, घोडी आजारी पडून दगावली तर काय, आणि वराती लागल्या की परत नेण्याआधी किती दिवसांची सूचना.

घेतलीच, तर किंमत देऊन झाल्यावर बारा महिन्यांचा चारा आणि पगार यांची रक्कम बाजूला राहते का ते बघा, वर पोटशूळासाठी वेगळी. राहत नसेल तर भाव निम्मा असो की पाव, घेऊ नका.

कापता येतं ते असं. काम कमी केलं तर खुराक कमी करता येतो, अगदी बंदही, चारा चांगला असेल तर. सवारी मऊ जमिनीवर असेल तर नाल काढून नुसती तासणी चालते, नालबंदाचा निम्म्याहून जास्त खर्च वाचतो. नाल काढल्यावर काही आठवडे खडीवर नेऊ नका. बाजारातली महागडी पूरक पावडरं सोडा. जंताचं औषध ठरावीक महिन्यांनी आंधळेपणाने देण्याऐवजी लीद तपासून, आणि मोजलेल्या वजनाप्रमाणे द्या. अंदाजाने कमी मात्रा दिली तर जंत औषधाला सरावतात.

चाऱ्याचं वजन मात्र कमी करायचं नाही. कोरड्या मापाने वजनाच्या दीड टक्क्यांखाली गेलात की पोटात व्रण, लाकूड चावणं, पोटशूळ सुरू होतात. सहा ते आठ आठवड्यांची तासणी चुकवायची नाही. आपल्या काळ्या मातीत पावसाळाभर खूर ओले राहतात, पुतळी (खुराच्या तळाचा मऊ भाग) सडते, वास येतो. उभं राहायची जागा मुरूम टाकून उंच करा, रोज खूर कोरा, सडल्यास मोरचुदाचं पाणी. धनुर्वाताची वार्षिक लस आणि वर्षातून एकदा दात घासून घेणं हे खर्चाने लहान आहे. धारदार दातांनी चारा नीट चावला जात नाही आणि दिलेला महाग चारा लिदीत तसाच पडतो.

आणि नाहीच झेपलं तर लवकर सांगा, घोडी अंगाने भरलेली असताना. रस्त्यावर सोडून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. फासळ्या निघाल्यावर तिला घ्यायला कोणी पुढे येत नाही.

हिंगणा_वाडी

सगळ्यांचे आभार. ग्लँडर्स आणि सऱ्याचे नमुने आधी पाठवायला सांगतो. एक गोष्ट लिहायची राहिली. घोडीच्या फासळ्या लांबूनच मोजता येतात, पाठीचा कणा वर आला आहे, पुठ्ठे बसले आहेत. मालक म्हणतात, महिनाभर हरभरा आणि गूळ दिला की भरून येईल. तपासण्या ठीक आल्या तर असं करावं का?

खूर_दात_कामठी

बिलकूल नको. तुम्ही वर्णन करताय त्यावरून अंगावरचं मांस मोजायच्या नऊ अंकांच्या मापात (एक म्हणजे नुसती हाडं) ती दोनच्या आसपास आहे. इतक्या उपाशी जनावराला एकदम दाणा-गूळ दिला तर रक्तात इन्सुलिन उसळतं आणि फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढले जातात. आधीच शरीरात त्यांचा साठा संपलेला असतो. तीन ते पाच दिवसांत हृदय किंवा श्वास बंद पडून घोडी जाते आणि लोक म्हणतात, चांगलं खायला घातलं तरी मेली.

पहिले तीन दिवस पानं असलेली वाळवलेली लसूणघास, साडेचारशे ग्रॅम, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. म्हणजे दिवसात सहा वेळा, एकूण २.७ किलो. चौथ्या दिवसापासून थोडं वाढवत आणि वेळा कमी करत सहाव्या दिवशी दर आठ तासांनी पावणेदोन-दोन किलोवर या. दहाव्या दिवसानंतर खाईल तेवढा चारा, दिवसातून दोन-तीन वेळा. दाणा, गूळ, कोंडा पहिले काही आठवडे काहीच नाही. पाणी सतत समोर. जंताचं औषध पहिल्या दहा-पंधरा दिवसांत देऊ नका, नंतर डॉक्टरांना विचारून. सवारी नाही, खोगीरही नाही, कारण कण्यावर मांस नसताना खोगिराने जखमा होतात. अंग भरायला तीन ते पाच महिने लागतील.

म्हणून नागपूरहून ट्रकमध्ये घालण्याआधी तिथेच मालकाच्या तबेल्यात दहा दिवस हा क्रम चालवता येतो का ते विचारा. लसूणघास तुम्ही पुरवा. नाहीतर किमान डॉक्टरांकडून ती प्रवास सोसेल असं लिहून घ्या, आणि प्रवास पहाटे करा.